दुसरा वेबकॅम चालू का होत नाही?

गोदाघाटावरचं व्याख्यान थेट दाखवायचंय. लॅपटॉपला हबवरून दोन वेबकॅम आणि एक यूएसबी माइक लावलाय. पहिला कॅमेरा लगेच दिसतो, दुसऱ्याची चौकट काळीच. कॅमेरा बहुतेक वेळा धडधाकट असतो, त्याला जागा मिळालेली नसते.

वेबकॅमचं चित्र आणि माइकचा आवाज सहसा 'आयसोक्रोनस' पद्धतीने जातात, म्हणजे ठरलेल्या वेळी, आधी राखून ठेवलेल्या जागेत. यूएसबी २.० वर दर १२५ मायक्रोसेकंदाला एक खेप सुटते. तिच्यात ७,५०० बाइटांइतका वेळ असतो आणि राखीव जागा ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ६,०००. एक कॅमेरा खेपेमागे ३,०७२ बाइटांपर्यंत मागू शकतो. दोघांनी तेवढेच मागितले की झाले ६,१४४. दुसऱ्याला नकार! पंचवटी एक्स्प्रेसच्या आरक्षणासारखंच हे: बसणारा येवो न येवो, सीट त्याच्याच नावावर. लिनक्सवर अशा वेळी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं येतं आणि लोक हार्ड डिस्क रिकामी करत बसतात. डिस्कचा इथे काही संबंध नाही.

विंडोजवर आधी डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा. दोन्ही कॅमेरे एकाच कंट्रोलरखाली (यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपखाली) दिसले तर एक दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर हलवा. डेस्कटॉप असेल तर वेगळं यूएसबी कार्ड बसवा. यूएसबी २.० चा कॅमेरा निळ्या (यूएसबी ३.० च्या) पोर्टमध्ये घालून वेग वाढत नाही. मग ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये) रिझोल्यूशन 'कस्टम' करून व्हिडिओ फॉरमॅट एमजेपीईजी ठेवा, त्यात चित्र दाबून लहान करून पाठवलं जातं. काही कॅमेरे तरीही पूर्ण जागाच मागतात, त्यांचं रिझोल्यूशन उतरवावंच लागतं.

आवाजात 'टक् टक्' येत असेल तर केबल बघा. पेन ड्राइव्हवर फाइल नीट कॉपी झाली म्हणून केबल चांगली, असं मात्र समजू नका. फाइलचं बिघडलेलं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पुन्हा पाठवलं जातं, थोडा वेळ जातो इतकंच. आवाजाचं पॅकेट पुन्हा येत नाही, त्याची वेळ निघून गेलेली असते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टीरिओ आवाजाचे दर मिलिसेकंदाला १९२ बाइट जातात; तेवढं एक पॅकेट हुकलं की तेवढीच फट कानाला टोचते.

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, साधी एक्स्टेंशन जोडून तर नकोच. स्टेज लांब असेल तर ऑडिओ इंटरफेस (साधा माइक यूएसबीला जोडणारा डबा) लॅपटॉपजवळ ठेवा आणि यूएसबी नसलेल्या साध्या माइकची एक्सएलआर केबल (तीन पिनांची माइकची केबल) लांब घ्या.