मान वळेना म्हणून ड्राय नीडलिंग केलं

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवसभर मान खाली घालून लिखापढी, त्यात उजवा खांदा असा आखडला की गाडी रिव्हर्स घेताना अख्खं अंग फिरवायला लागायचं. कायरोप्रॅक्टरनं (हातानं दाब देऊन सांधे-मणके मोकळे करणारा) मानेचे सांधे मोकळे केले, बरं वाटलं, पण थोड्या दिवसांत परत तेच. मग फिजिओकडं ड्राय नीडलिंग केलं. सुईत औषधबिषध काय नसतं, बारीक सुई थेट स्नायूतल्या गाठीत घालतात, जागा बरोबर सापडली की स्नायू फडकन उडतो (दुखतं, खोटं कशाला बोला). नंतर एकदोन दिवस ठणकतं. पण स्नायू सैल पडल्यावर कायरोचं काम टिकायला लागलं, मान नीट वळती आता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आणि खांद्यात सुई शिकलेल्या माणसाकडूनच घ्या, खाली फुफ्फुस असतंय.