ठिणगी न बघताच कार्बोरेटर उघडताय? जुन्या मोटरसायकलवरच्या या चुका टाळा

जुनी मोटरसायकल मिसिंग करायला लागली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. कारण सरळ आहे. तो डोळ्यासमोर असतो, चार स्क्रू सोडले की हातात येतो आणि आतले पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) चकचकीत केले की काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, कव्हरखाली असतात. त्यांना जोडलेला छोटा कंडेन्सर तर बाहेरून बघून चांगला की वाईट हे कळतच नाही. त्यामुळे गुन्हा एकाचा आणि मार दुसऱ्याला, हे वर्षानुवर्षं चालू आहे. मुरलेले मेकॅनिक म्हणतातच की कार्बोरेटरचे अर्धेअधिक आजार इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेत, सापडतात. ऐकून सगळे हसतात आणि पुन्हा कार्बोरेटरचं फ्लोटचं (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाचं) भांडं उघडायला बसतात.

गरम झाल्यावर बंद, म्हणजे पेट्रोलच अडतंय

ओळखीतल्या एका मुलाने जुनी सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक घेतली होती. थंड असताना एका किकला चालू व्हायची. चांगली तापली की आधी मिसिंग, मग सायलेन्सरमध्ये फटाके, मग बंद. थोडा वेळ सावलीत उभी केली की जणू काही झालंच नव्हतं. ‘पेट्रोल अडतंय’ असं कोणीतरी त्याला सांगितलं आणि त्याने ते ब्रह्मवाक्य मानलं. कॉक बदलला, पाइप बदलला, फ्लोटची नीडल बदलली, शेवटी अख्खा कार्बोरेटर नवा बसवला. दुखणं तसंच.

मी त्याला म्हटलं, आता कशालाही हात लावू नकोस. प्लगचा पाना खिशात टाक, गाडी चालव आणि जिथे बंद पडेल तिथेच, त्याच मिनिटाला प्लग काढून बघ. घरी ढकलत आणून नाही. तोवर इंजिन थंड होतं आणि पुरावा नाहीसा होतो.

प्लग ओला निघाला. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, जळत नव्हतं. प्लग हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी पिवळसर, मरतुकडी, मधेच गायब. पॉइंटचं कव्हर काढून किक मारली तर तिथे मात्र लखलखाट! कंडेन्सर गेला होता.

हे नीट समजून घ्या. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या प्रायमरीतला (पहिल्या वेटोळ्यातला) करंट झटक्यात तुटायला हवा. तो जितका झटक्यात तुटेल तितका सेकंडरीत (प्लगला ठिणगी देणाऱ्या दुसऱ्या वेटोळ्यात) व्होल्टेज चढतो. कंडेन्सर उघडत्या पॉइंटवरचा तो करंट स्वतःकडे घेतो. तो निकामी झाला की करंट पॉइंटच्या फटीतून उडी मारत राहतो, पॉइंट जळून काळे पडतात आणि प्लगपर्यंत मरगळलेली ठिणगी पोचते. थंड असताना ठीक आणि तापल्यावर दगा, ही त्याची खास खोड. कॉइलही अशीच तापल्यावर दगा देते, पण तेव्हा पॉइंटवर असा लखलखाट सहसा दिसत नाही.

पेट्रोल खरंच अडत असेल तर प्लग कोरडा निघतो. अशा वेळी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पैसा लागत नाही, पाना लागत नाही, आणि तरी हे कोणी आधी बघत नाही.

दोन सूचना. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब टेकवा आणि भोकावर फडकं घाला. आणि उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणजे सगळं आलबेल नव्हे. सिलिंडरमध्ये दाबाखाली उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. मी ५-६ मिमी फट ठेवलेला एक जुना प्लग फक्त तपासणीसाठी ठेवतो. ती फट ओलांडणारी ठिणगीच मी खरी मानतो.

नवा कंडेन्सर घेतानाही डोळे झाकून भरवसा ठेवू नका, पेटीतूनच मेलेले निघतात. माझी सवय अशी की चालू स्थितीतला जुना कंडेन्सर कधी फेकत नाही, आणि शक्य असेल तिथे तो इंजिनच्या उष्णतेपासून लांब, टाकीखाली कॉइलजवळ बसवतो. वायर पॉइंटकडूनच यायला हवी आणि कंडेन्सरच्या अंगाला पक्का अर्थ (गाडीच्या धातूशी जोड) हवा, मग जागा कुठली हे महत्त्वाचं नाही.

जेटमध्ये तार घालणं

ती गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. कंडेन्सर बदलल्यावर गाडी तापून बंद पडायची थांबली, पण काळा धूर सोडायला लागली. प्लग काजळीने माखलेला. चौकशी केल्यावर कळलं की नव्या कार्बोरेटरनेही फरक पडला नाही म्हणून पठ्ठ्याने त्याचे जेट ‘साफ’ केले होते. स्टीलच्या तारेने. कोऱ्या जेटमध्ये साफ करण्यासारखं काय होतं, ते त्यालाच ठाऊक. म्हणजे मूळ दोष एक, आणि तो शोधताना घरी तयार केलेला दुसरा.

जेट पितळेचा असतो आणि स्टीलपुढे पितळ मऊ. आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक समजा ०.५० मिमी आहे आणि खरवडून ते ०.५५ झालं. डोळ्याला फरक दिसणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढलं. मग स्क्रू फिरवून फिरवून स्लो सेटिंग का जमत नाही याचा विचार करत बसा. जेट क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, हवेच्या दाबाने फुंका, उजेडाकडे धरून आरपार बघा. फारच हट्टी असेल तर ब्रशचा नायलॉनचा केस घाला. तार कोणी घातली होती असा संशय जरी आला तरी मी जेट बदलतो, वाद घालत नाही.

सेटिंग करताना थ्रॉटल किती उघडा असताना त्रास होतो ते आधी ठरवा. आयडलिंगपासून साधारण आठव्या भागापर्यंत पायलट जेट, त्यापुढे पावपर्यंत स्लाइडचा (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या भागाचा) काप, पाव ते पाऊण स्लाइडची नीडल आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. मी ग्रिपवर चिकटपट्टी लावून या खुणा करतो. दिसायला गावठी, पण ‘मधे कुठेतरी अडखळते’ या मोघम तक्रारीपेक्षा शंभर पटीने बरी. अर्ध्या थ्रॉटलला अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

आधी टायमिंग, मग पॉइंटचा गॅप

हा क्रम उलटा आहे. टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, आणि गॅप म्हणजे पॉइंट उघडल्यावरची फट. पॉइंटचा गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स होतं. कमी केला की उशिरा. त्यामुळे मेहनतीने टायमिंग लावून मग गॅपला हात लावला तर ती मेहनत पाण्यात. आधी गॅप (बऱ्याच जुन्या गाड्यांवर ०.३५ ते ०.४० मिमी, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा), मग टायमिंग. पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा तयार झाला असेल तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकतो आणि चुकीचं माप दाखवतो. तेव्हा आधी बारीक पॉइंट फाइलने सपाट करा. पॉलिश पेपरचे कण मधे अडकतात, म्हणून तो नको. शेवटी कोरा जाड कागद पॉइंटमध्ये दाबून दोनदा ओढायचा. नव्या पॉइंटवरही तेलाचा पातळ थर असतो, तोही असाच निघतो.

किक पायावर उलटी आली तर ‘इंजिनात दम आहे’ असं म्हणू नका. टायमिंग फार पुढे गेलंय.

बाकीच्या, थोडक्यात

स्क्रू कुठे आहे ते न बघता फिरवणं. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू बहुधा हवेचा असतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचा, तो बाहेर काढला की जाड.

आयडलिंगवर उभ्या गाडीचा प्लग काढून रंग वाचणं. ज्या थ्रॉटलचा रंग हवा, त्या थ्रॉटलवर चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि मग वाचा.

कार्बोरेटरचे नट जीव खाऊन आवळणं. फ्लँज (इंजिनला टेकणारा सपाट भाग) वाकतो, पॅकिंगमधून हवा ओढली जाते आणि रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते. अमल कॉन्सेंट्रिक हा कार्बोरेटर तर या दुखण्यासाठी बदनाम आहे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करता येतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील विसरणं. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला की हवा ओढली जाते, गिअरबॉक्सच्या बाजूचा गेला की ऑइल. दुसऱ्यात पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं.

पितळी फ्लोट कानाशी धरून न हलवणं. आत पेट्रोल डुचमळत असेल तर ओव्हरफ्लोचं कारण सापडलं.

महिनोन्‌महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलवर सेटिंग करणं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पाणीही ओढतं.

आणि दोष न शोधता थेट पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवणं. किट वाईट नाही, घाई वाईट आहे. बॅटरी अर्धमेली, अर्थची वायर गंजलेली आणि प्लग कॅप तडकलेली असेल तर किटही तितकंच रडतं, फक्त आता मल्टिमीटर लावायचा कुठे हे कळत नाही. आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, अर्थचा जोड घासून घट्ट करा, प्लगची वायर टोकाला ५ मिमी कापून कॅप पुन्हा फिरवून बसवा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर एक फेरी.