मासेमारीची बोट सुरक्षित कशी चालवावी: धक्का सोडण्यापासून मासळी उतरवेपर्यंत

मालवाहू जहाज धक्क्याला बांधून, शांत पाण्यात भरलं जातं. मासेमारीची बोट मात्र भर समुद्रात, डुलत असताना, मासळी साठवायच्या खणाचं झाकण उघडं ठेवून माल भरते. म्हणून तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, फेरीभर एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: आत्ता बोटीवरचं वजन नेमकं कुठे आहे? बाकीची बरीच खबरदारी याच प्रश्नाभोवती फिरते.

१. धक्का सोडण्याआधी

हवामानाचा अंदाज फक्त निघण्याच्या वेळेपुरता पाहू नका, परतीच्या दिवसापर्यंतचा पाहा. जाताना बोट हलकी असते, येताना भरलेली.

इंजिनाचं तेल, थंड करणारं पाणी आणि पट्टे तपासा. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढून टाका. धक्क्याला सुरळीत चालणारं इंजिन खवळलेल्या समुद्रात अचानक बंद पडतं, त्यामागे पुष्कळदा टाकीतला गाळ असतो. बोट डुलू लागली की तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. जादा फिल्टर हाताशी हवेत.

बोटीच्या तळात साचणारं पाणी उपसणारा पंप चालवून पाहा आणि पाणी वाढल्याचा भोंगा वाजतो का, तेही त्याचा तरंगता खटका हाताने उचलून तपासा. डिझेलचा हिशेब तिहाईचा ठेवा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला सांगून निघा.

२. वजन खाली, पाणी बाहेर

बर्फ, पाणी, जड सामान शक्य तितकं खाली ठेवा. जादा जाळी आणि पेट्या केबिनच्या छपरावर रचायचा मोह टाळा.

त्याहून फसवं असतं ते हलणारं वजन. पाण्याने भरलेली परात उचलून चालताना पाणी एका कडेला गेलं की हातही तिकडेच ओढले जातात. अर्धवट भरलेली टाकी, तळातलं पाणी आणि खणात मोकळी ओतलेली मासळी बोटीशी तसंच वागतात. त्यामुळे टाक्या शक्यतो एकेक करून वापरा, आणि खणात फळ्या उभ्या लावून कप्पे पाडा. डेकवर आलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी कठड्यात ठेवलेली भोकं जाळ्यांनी किंवा पेट्यांनी बुजलेली नाहीत ना, हे दर खेपेला पाहा.

आता एक चाचणी, जिला फक्त घड्याळ लागतं. बोट एका बाजूला कलून दुसरीकडे जाऊन परत यायला किती सेकंद लागतात, ते निघताना मोजून ठेवा. भरल्यावर पुन्हा मोजा. वेळ बरीच वाढली असेल, बोट एका बाजूला कलून तिथेच रेंगाळत असेल, तर तिचा तोल कमी झाला आहे. गंमत अशी की हे संथ डुलणं अंगाला सुखाचं वाटतं, आणि नवखे खलाशी बोट छान चालली आहे असं समजतात. अशा वेळी जाळं ओढणं थांबवा, झाकणं बंद करा, डेकवरचं पाणी काढा आणि उंचावरचं वजन खाली आणा.

३. जाळं टाकताना आणि ओढताना

जाळं सुटत असताना दोराच्या वेटोळ्यात पाय नको. विंचजवळ (जाळ्याची वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राजवळ) सैल बाह्या, लोंबणारी दोरी, अंगठी नको. ताणलेल्या वायरच्या रेषेत किंवा ती जिथे वळते त्या कोपऱ्याच्या आत कोणी उभं राहू नये, कारण तुटलेली वायर झटक्याने मागे येते. विंच चालवणाऱ्याला डेकवरचा प्रत्येक माणूस दिसला पाहिजे. दिसत नसेल तर विंच थांबलेलीच बरी.

मासळीने भरलेला खोळा (जाळ्याच्या टोकाची पिशवी) बूमवर, म्हणजे माल उचलायच्या दांड्यावर, उचलला की त्याचं सगळं वजन बूमच्या टोकाशी असल्यासारखं काम करतं. खोळा डेकपासून वीतभरच वर असला तरीही. म्हणून मोठा घास लागला तर तो थोडा थोडा करून आत घ्या.

जाळं तळाला अडकलं तर इंजिनाचा जोर लावून उपटायला जाऊ नका. एका बाजूच्या वायरवर ताण आणि आडवी लाट, एवढ्यावर बोट उलटते. वेग कमी करा, वायर सैल सोडा, ताण मागच्या बाजूने मधोमध येईल असं वळा, मग सावकाश ओढा. ती जागा जीपीएसवर नोंदवा. निघतच नसेल तर टोकाला बोया बांधून जाळं सोडून द्या. जाळं महाग असतं हे मान्य, पण हा निर्णय घ्यायला उशीर करू नका.

४. पहारा

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॉल (बोटीमागे पाण्यातून ओढायचं पिशवीसारखं जाळं) ओढणारी बोट पांढऱ्या दिव्यावर हिरवा दिवा लावते, इतर जाळी टाकणारी पांढऱ्यावर लाल. दिवसा टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू टांगतात. डेकवरचे झगझगीत दिवे हे सगळं झाकून टाकतात आणि पहारेकऱ्याचे डोळेही दिपवतात, तेव्हा त्यांचा झोत खाली वळवा. इंजिनावरच्या जहाजाने मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते, पण मोठं जहाज थांबायला बराच पल्ला घेतं. समोरचा वळेल या भरवशावर राहू नका.

पहारेकऱ्याच्या झोपेचाही हिशेब ठेवा. तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटींसाठी २००७ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती सांगितली आहे.

५. मासळी

डेकवर उन्हात पडलेली मासळी दर मिनिटाला भाव गमावते. धुवा, लगेच बर्फात घाला. उष्ण हवेत साधारण मासळीइतकाच बर्फ धरा, खाली थर, मध्ये थर, वर थर, आणि वितळलेलं पाणी निथळू द्या. बांगडा, ट्यूना गरम राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

बंद राहिलेल्या खणात थेट उतरू नका. कुजलेल्या मासळीचा वायू आणि प्राणवायूची कमतरता माणसाला क्षणात बेशुद्ध करते, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. आधी हवा खेळू द्या, वर एक माणूस ठेवा.

६. संकट आलंच तर

व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, माणसं किती. संकट-बीकन (संकटाचा इशारा आपोआप पाठवणारं यंत्र) बोटीच्या नावावर नोंदवलेला असावा.

माणूस पाण्यात पडला तर ओरडा, तरंगतं कडं फेका, जीपीएसवर जागा नोंदवा. एकाने दुसरं काहीही न करता फक्त त्याच्याकडे हाताचं बोट दाखवत राहायचं. जवळ आल्यावर गियर न्यूट्रलमध्ये टाका, म्हणजे बोटीखालचा पंखा फिरायचा थांबेल. डेकवर लाइफ जॅकेट अंगात असेल तरच या सगळ्याला वेळ मिळतो. भिजलेल्या माणसाला कठड्यावरून वर घेणं मात्र वाटतं त्याहून फार अवघड असतं. शिडी किंवा उचलायचं जाळं कुठे बांधायचं, कोणी ओढायचं, याचा सराव शांत दिवशी, सगळ्या खलाशांना घेऊन करा, आणि नवा माणूस आला की पुन्हा करा.