ई-रीडर घेताय? आधी एक मराठी ओळ कॉपी करून बघा

मी डोंबिवलीत एका वाचनालयात काउंटरवर बसते. "किंडल (ॲमेझॉनचा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) घेऊ का?" असं सभासद विचारतात, विशेषतः निवृत्त मंडळी. मी आधी विचारते, "वाचणार काय?" उत्तर 'मराठी' आलं की पैसे खर्च करण्याआधी फोनवरच एक चाचणी करायला लावते.

तुमच्याकडचं एखादं मराठी पीडीएफ उघडा. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ती नीट देवनागरीत उमटली, वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखाच उमटणाऱ्या अक्षर-पद्धतीत आहे. त्याचं कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरने ईपब, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारं ई-पुस्तक करता येतं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ती निव्वळ पानांची छायाचित्रं आहेत. या शेवटच्या दोन प्रकारांत अक्षर मोठं करून ओळी नव्याने मांडून घेता येत नाहीत, आणि वाढत्या वयात ई-रीडर घ्यायचा तो त्याचसाठी! डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं पान सहा-सात इंची पडद्यावर मावतं, पण अक्षर मुंगीएवढं होतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने कितीतरी मोलाचे ग्रंथ संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, तेही पीडीएफमध्येच. तुमचं वाचन मुख्यतः तिथलं असेल, तर दहा इंची टॅब घ्या, असं मी स्पष्ट सांगते.

मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून मात्र ईपब उतरवता येतं. ते केबलने थेट किंडलमध्ये टाकलं तर उघडत नाही. 'सेंड टू किंडल' या ॲमेझॉनच्या सेवेतून इंटरनेटवरून पाठवायचं. 2022 पासून ही सेवा ईपब स्वीकारते. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. तिथली खरेदी जास्त असेल, तर ॲप चालणारा, कागदासारख्या ई-इंक पडद्याचा अँड्रॉइड रीडर बघा. तो महाग पडतो.

आता गुण. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या भाराने वरखाली सरकतात. पडद्याला पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून बॅटरी कित्येक दिवस पुरते. किंडलच्या पेपरव्हाइट या मॉडेलचा दिवा कडेने पडद्यावर उजेड टाकतो, तुमच्या डोळ्यांत नाही. भर उन्हात फलाटावरही अक्षर स्वच्छ दिसतं. वजन साधारण 200 ग्रॅम, त्यामुळे लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात जाडजूड कादंबरी वाचता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन सुटलेल्या आमच्या एक आजी मोठ्या अक्षरामुळे पुन्हा वाचायला लागल्या. या एका गुणासाठी मी बाकीचं पुष्कळ माफ करीन.

यंत्र हाती आल्यावर पहिलं काम फॉन्टचं. हिंदी वळणाचे ल आणि श खटकत असतील, तर किंडल कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट टाका. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मला आवडतो. 'दऱ्या'मधला ऱ्य नीट जुळतोय ना, तेवढं तपासून घ्या.

ओव्या, अभंग वाचताना मोठ्या अक्षरात चरण मध्येच तुटतात. पडदा आडवा करून बघा. टीपा असलेला ग्रंथ मात्र छापीलच घ्या. पुढे-मागे पानं चाळणं हे या यंत्राला खरोखर जमत नाही. दिवाळी अंकाची चित्रंही करड्या पडद्यावर मरगळतात.

आणि एक. किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक तुमच्या मालकीचं नसतं, ते वाचण्याचा परवाना मिळतो. फेब्रुवारी 2025 मध्ये ते संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवण्याची सोयही बंद झाली. घरच्यांना, शेजाऱ्यांना द्यावंसं वाटेल असं पुस्तक म्हणूनच कागदावर घ्या.