जुनी बोर्डो रेड वाइन सांभाळायची कशी, उघडायची कशी

जुन्या बोर्डोची, म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या वाइनची, बाटली समोर आली की सगळे आधी शॅटो (वाइन बनवणारी इस्टेट) कुठला, साल कुठलं तेच बघतात. माझ्या मते आधी विचारायला हवं की इतकी वर्षं ती ठेवली कुठे होती. आता 1996 ची पोयाक (बोर्डोच्या मेडॉक पट्ट्यातल्या पोयाक गावची वाइन) घ्या, मेडॉकमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षासाठी ते साल मस्तच होतं, पण हीच बाटली दोन-तीन उन्हाळे गरम खोलीत पडून राहिली असेल तर नाव कितीही मोठं असू दे, आत फळाची चव मेलेली असणार.

म्हणून घेताना बाटली उजेडात धरा. वाइन मानेपर्यंत असेल तर उत्तम, वीस-पंचवीस वर्षांची असेल तर खांद्याच्या (मानेखाली बाटली रुंद होते तो भाग) वरच्या टोकापर्यंत उतरलेली पण चालते, पण खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर घेऊ नका, आत बरीच हवा शिरलेली असते. बूच वर आलंय किंवा कडेने ओघळ सुकलेत, तर बहुतेक उष्णता लागलीय.

ठेवायला 12-13 डिग्री, साधारण 70 टक्के आर्द्रता, अंधार, आणि बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. तापमान एकसारखं राहणं सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डोत तळघरं असतात, मुंबई-पुण्यात आपल्याकडे ती नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर वाइन कॅबिनेटच घ्या. घरचा फ्रिज फार थंड आणि कोरडा, थोडे आठवडे ठीक आहे, पुढे बूच सुकतं. आणि प्रत्येक बोर्डो ठेवायची नसते बरं का, साधी स्वस्तातली चार-पाच वर्षांत पिऊन टाका, ती थांबून चांगली होत नाही.

आता उघडणं. टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, तो गाळ ग्लासात आला की तोंडात कडवट रवाळ लागतं. त्यामुळे बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवा, आणि विमानातून आणली असेल तर निदान दोन आठवडे तिला हात लावू नका. जुनं बूच मऊ झालेलं असतं, स्क्रू घातला की तुकडे पडतात, त्यासाठी दोन पात्यांचा आह-सो ओपनर येतो, पाती बुचाच्या कडेने डुलवत डुलवत खाली घालायची आणि मग फिरवत फिरवत सावकाश वर ओढायचं.

डिकँटरमध्ये (वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं) ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च धरा, न थांबता एका धारेत ओता, मानेत काळपट रेघ सरकताना दिसली की बास. आणि लगेच प्यायला घ्या! तरुण वाइनसारखं दोन-तीन तास उघडं ठेवलं तर जुनीचा सुगंध उडून जातो, हे मी कळकळीने सांगतोय.

16-18 डिग्रीला, मोठ्या ग्लासात, एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर कडेला विटकरी रंग दिसेल, ते वयाचं लक्षण आहे, दोष नाही. ग्लास न फिरवता आधी वास घ्या: देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, नुकतंच टोक केलेली पेन्सिल, भिजलेला पाचोळा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब होतं, हवा लागूनही तो जात नाही. घोट थोडा वेळ तोंडात फिरवा, हिरड्यांवर टॅनिन किती मऊ झालंय आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते बघा. दहा-पंधरा मिनिटांनी परत वास घ्या, वेगळंच काहीतरी सापडतं.

सोबत साधं भाजलेलं मटण, पोयाकमध्ये तर कोकराचं मांसच खातात. तांबडा रस्सा नको, तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल बोचतं आणि नाजूक वास दबतात. उरवून ठेवू नका, त्याच संध्याकाळी संपवा. गाळ मात्र फडक्यातून गाळून मटणाच्या ग्रेव्हीत घाला, छान लागतो.