श्रीलंकेला कधी जायचं? आधी डोंगराची बाजू ठरवा

श्रीलंकेसाठी बेस्ट महिना कुठला असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो तुमची सुट्टी कधी आहे, कारण हा देश महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा असला तरी तिथे वर्षात दोन मान्सून येतात, दोन वेगवेगळ्या दिशांनी, आणि मधले डोंगर तो पाऊस एका बाजूला अडवून धरतात. महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं तेव्हा खाली वाईला साधी भुरभुर असते ना, तसंच, फक्त तिकडे सहा महिन्यांनी बाजू बदलते. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडले तर वर्षभर कुठेतरी चांगलं हवामान मिळतंच, आपण चुकीच्या बाजूला हॉटेल बुक करायचं नाही एवढंच.

मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून. कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा हा सगळा किनारा आणि हटन, नुवारा एलियाकडचे उतार भिजतात, समुद्र खवळलेला असतो. पण याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा मस्त कोरडं असतं, अरुगम बेला सर्फिंगचा सिझन असतो. त्यामुळे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर विमानतळावरून थेट सिगिरियाकडे, म्हणजे खडकावरच्या जुन्या किल्ल्याकडे निघा आणि तिथून त्रिंकोमाली, दक्षिणेचे बीच यावेळी सोडून द्या. सिगिरियाचा खडक मात्र सकाळी गेट उघडल्या उघडल्या चढा, नंतर ऊन सहन होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर जवळच मिन्नेरियाला तलावाच्या काठी हत्तींचे कळप जमतात ते चुकवू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळं उलटं. ईशान्य मान्सून पूर्व किनाऱ्यावर बरसतो आणि गॉल, मिरिसा छान असतं, मिरिसाला देवमासे बघायलाही तेव्हाच जातात. ख्रिसमसच्या सुट्टीवाल्यांनी डोळे झाकून दक्षिण घ्यावं, फक्त गर्दी आणि रेट दोन्ही वाढलेले असतात.

खरी अडचण दिवाळीच्या सुट्टीची, आणि आपली बरीच मंडळी तेव्हाच निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन मान्सूनच्या मधला काळ, यात पाऊस कुठेही पडतो, बहुतेकदा सकाळ उघडी आणि दुपारनंतर गडगडाट. म्हणून जे काही बाहेरचं बघायचंय ते दुपारच्या जेवणाआधी उरका. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही धोका असतो, 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस दितवा वादळाने डोंगरी भागात दरडी कोसळून शेकडो माणसं गेली, रस्ते आणि रेल्वे बंद पडली. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण परतीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री डोंगरात राहू नका, ती रात्र विमानतळाजवळ निगोंबोला काढा, रस्ता बंद झाला तरी हाताशी वेळ राहतो. आणि तिथली सरकारी दरडींची वॉर्निंग पिवळी, अंबर, लाल अशी येते, अंबर दिसली की त्या भागातला प्लॅन सरळ रद्द करा, मागच्या बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील. आपत्ती हेल्पलाइन 117.

आता डोंगरातलं. नुवारा एलिया जवळपास 1,870 मीटरवर आहे, स्वेटर लागतोच, जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी पहाटे गवतावर हिमकण दिसतात. हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानात वर्ल्ड्स एंडचा कडा बघायचा तर पहाटेच गेटवर हजर व्हा, नऊ-दहानंतर दरीतून ढग वर येतात आणि समोर नुसतं पांढरं. जून ते ऑगस्टमध्ये नुवारा एलिया पावसात असेल तर पलीकडच्या उतारावर एल्ला, बदुल्लाकडे मुक्काम हलवा, तिकडे तेव्हा कोरडा वारा वाहतो आणि त्याच वाऱ्यामुळे ऊवाचा, म्हणजे याच भागातला चहा जुलै ते सप्टेंबरमध्ये सगळ्यात चांगला उतरतो. पश्चिमेच्या डिंबुलाचा चांगला चहा जानेवारी ते मार्चमधला. चहा घ्यायचाच असेल तर त्या हिशेबाने घ्या, फरक खरंच कळतो.

श्रीपाद, म्हणजे अॅडम्स पीक, 2,243 मीटर. यात्रेचा सिझन डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक, म्हणजे आपल्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत, तेव्हा पायऱ्यांवर दिवे असतात, चहाची दुकानं उघडी असतात. बाकीच्या महिन्यांत अंधार, वारा, ओल्या पायऱ्या, आईबाबांना घेऊन तर अजिबात नको.

मॅपवरच्या किलोमीटरवर जाऊ नका, कॅंडी ते नुवारा एलिया ऐंशीच्या आत आहे पण तीन तास धरा, पावसात जास्तच. एल्लाच्या ट्रेनची रिझर्व्ह तिकिटं लगेच संपतात, आणि बुक करण्याआधी पूर्ण लाइन चालू आहे का तेही बघा. 13-14 एप्रिलच्या आसपास त्यांचं नवीन वर्ष असतं, दुकानं बंद, ड्रायव्हर गावी आणि नुवारा एलियाला पाय ठेवायला जागा नाही. दर पौर्णिमेला सुट्टी असते, दारू विकत मिळत नाही.

पावसात सिंहराजा नावाच्या जंगलात गेलात तर जळवा नक्की लागणार, पँट लांब मोज्यांत खोचा आणि खिशात मिठाची पुडी ठेवा.