घरातल्या जुन्या जर्मन दुनळीची ओळख आणि निगा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कित्येक जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी परवान्याची दुनळी बंदूक असते. तिच्या नळीवर ‘झूल’ (Suhl) हे गावाचे नाव आढळले, तर आपल्या हाती जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात घडलेली वस्तू आहे असे समजावे. याच गावात 1751 मध्ये साउअर, 1886 मध्ये क्रीगहोफ आणि 1898 मध्ये मेर्केल बंधूंचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर साउअर आणि क्रीगहोफ पश्चिम जर्मनीत गेले, तर मेर्केल झूलमध्येच राहिले आणि पूर्व जर्मनीच्या राजवटीतही तेथे उत्तम शिकारी बंदुका तयार होत राहिल्या. आमच्या घरात मेर्केलची आडवी, म्हणजे नळ्या शेजारी-शेजारी असलेली, दुनळी आहे. ती ओळखताना आणि सांभाळताना जे शिकलो, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

बंदुकीला हात लावण्याआधी तिची कागदपत्रे पाहावीत. परवानाधारक वडीलधाऱ्यांचे निधन झाले असेल, तर बंदूक घरात ठेवून देण्याचा अधिकार वारसाला आपोआप मिळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते आणि मग वारसाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. कोडगूच्या लोकांना परवान्यातून सूट आहे, मग आपल्याला का नाही, असे आपल्याकडे काही जण विचारतात. ती सूट कोडगूपुरतीच आहे. आपल्या भागात आणखी एक अडचण हमखास येते. 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मूळ परवान्यावर मुंबई सरकारचा शिक्का आणि ‘बेळगाम’ असे नाव असते, तर आजच्या दाखल्यांवर ‘बेळगावी’ आणि कन्नड मजकूर असतो. नाव, पत्ता आणि बंदुकीचा क्रमांक यांचा मेळ दाखवणारे सर्व जुने कागद अर्जासोबत जोडावेत आणि मूळ प्रती आपल्याजवळ ठेवाव्यात.

परवाना आपल्या नावे झाल्यानंतर बंदूक उघडताना नळीचे तोंड माणसापासून दूर, सुरक्षित दिशेला ठेवावे, चापापासून बोट लांब ठेवावे, वरची कळ फिरवून बंदूक मध्ये वाकवून उघडावी आणि दोन्ही नळ्यांच्या घरांत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. चाळीस वर्षे पेटीत पडून असलेली बंदूकसुद्धा भरलेलीच आहे असे मानूनच हे करावे. त्यानंतर नळ्यांखालचा लाकडी भाग काढला की नळ्या दस्त्यापासून, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागापासून, वेगळ्या होतात.

आता नळ्या उलट्या करून उजेडात धराव्यात. खालच्या सपाट भागावर नखाएवढ्या शिक्क्यांची रांग दिसते, आणि बंदुकीचे खरे चरित्र तेथेच असते. जर्मनीत 1891 च्या कायद्याने प्रत्येक नळीची सरकारी चाचणी बंधनकारक झाली आणि तेव्हापासूनचे शिक्के ठरावीक आहेत. मुकुटाखाली ‘यू’ म्हणजे तपासणी झाली, ‘एस’ म्हणजे छऱ्यांची नळी, ‘डब्ल्यू’ म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी आणि ‘जी’ म्हणजे आतून आटे पाडलेली, गोळीची नळी. मुकुटाखाली ‘एन’ असेल किंवा ‘नायट्रो’ हा शब्द असेल, तर ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. 1939 च्या कायद्यानंतरच्या, महायुद्धकाळातील नळ्यांवर मुकुटाऐवजी गरुड दिसतो. झूलच्या नळ्यांवर अनेकदा दोन-तीन सुटे आकडेही असतात; ते चाचणीचा महिना आणि वर्ष सांगतात. आमच्या बंदुकीवरचे आकडे पहिल्यांदा वाचता आले, तेव्हा आजोबांनी ती घेतली त्याच्या किती आधी ती घडली हे घरात प्रथमच कळले.

म्हणूनच कळकळीने सांगतो, की या भागाला कधीही पॉलिश पेपर लावू नये. एका नातलगांच्या बंदुकीचा गंज काढताना कारागिराने शिक्के घासून पार सपाट केले. नळी चकचकीत झाली, पण ती कोणत्या दारूसाठी तपासली होती हे आता कोणीही सांगू शकत नाही. आधी शिक्क्यांचे स्पष्ट छायाचित्र काढावे, मग तेलाचे बोट लावावे.

वर्तुळातील 12 किंवा 16 हा आकडा बोअर दाखवतो. नळीच्या व्यासाच्या बारा शिसगोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती बारा बोअर. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या जर्मन बंदुकांत ती बहुधा 65 मिलिमीटर असते, तर आज सर्रास मिळणारी काडतुसे 70 मिलिमीटरची असतात. ही लांबी उडवल्यानंतरच्या उघडलेल्या कवचाची असल्यामुळे न उडवलेले 70 चे काडतूस 65 च्या घरात सहज बसते आणि तिथेच फसगत होते. बार उडताना कवचाचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर वळणावळणाची नक्षीदार वीण दिसत असेल, म्हणजेच ती दमास्कस नळी असेल, आणि नायट्रोचा शिक्का नसेल, तर तिच्यातून आजचे काडतूस उडवूच नये. कोणत्याही जुन्या बंदुकीची जाणकार, परवानाधारक कारागिराकडून मोजणी झाल्याशिवाय बार काढू नये.

आता निगा. मृगापासून हस्तापर्यंत खानापूर-जांबोटीकडच्या पावसात भिंतींनाही ओल येते, तेव्हा बंदूक चामड्याच्या पेटीत ठेवणे सर्वांत घातक ठरते, कारण चामडे ओल धरते. पावसाळ्यात ती कुलूपबंद कोरड्या कपाटात, सुती फडक्यात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसून बंदुकीच्या पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. खोबरेल तेल वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. ते थंडीत गोठते, जुने झाले की खवट आणि चिकट होते आणि घोड्यांच्या यंत्रणेत मळ धरते. अक्रोडाच्या दस्त्याला मात्र जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने चोळावेत. बंदूक उभी ठेवायची झाल्यास नळीचे तोंड खाली ठेवावे, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. रिकामी बंदूक नुसतीच चाप ओढून वाजवू नये. त्यासाठी नकली काडतुसे मिळतात.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा करणे आमच्या घरात चुकत नाही आणि चुकूही नये. परंतु एका वर्षी ओल्या हळदीकुंकवाची बोटे थेट नळीवर उमटवली गेली, झेंडूची ओली माळ रात्रभर तशीच राहिली, आणि दिवाळीत पेटी उघडली तेव्हा त्या पाच बोटांच्या जागी निळसर झाक जाऊन तांबूस ठिपके उठले होते. ते ठिपके आजही दिसतात. तेव्हापासून बंदूक पाटावर धुतलेल्या कोरड्या वस्त्रावर ठेवतो, हळदकुंकू त्या वस्त्राला वाहतो, फुले शेजारी ठेवतो आणि आरती झाली की दिवेलागणीआधी नळ्या पुसून, तेलाचा हात देऊन कपाटात ठेवतो.